बिलाची किल्ली घरात राहू द्या

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आयोजकांनी आम्हाला जो विषय दिला तो तसा रुक्षच आहे. धंदा वाढू लागला की कायद्याप्रमाणे इलेक्ट्रॉनिक बिल करावे लागते, ज्याला सगळे ‘ई-इनव्हॉइस’ म्हणतात. ते करून देणारी सेवा कोणती घ्यावी, कशी पारखावी, यावर आम्ही बोलावे असे ठरले. विषय जाहीर होताच मागच्या रांगेतली चार-सहा मंडळी चहाकडे वळली, हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही. पण आपल्या वस्तीत आज फॅब्रिकेशनचे कारखाने आहेत, हाउसकीपिंगचे ठेकेदार आहेत, छपाईवाले, केटरिंगवाले, इलेक्ट्रिक पॅनेल तयार करणारे आहेत. या घरांतील कर्त्या माणसांना आम्ही विचारले, की तुमचे बिल कोण करते? बहुतेकांनी सांगितले, “तो मुलगा येतो ना, तो करतो.” तो मुलगा उद्या आला नाही तर? या प्रश्नाचे उत्तर फार थोड्यांकडे होते. म्हणून आम्ही हा विषय आनंदाने घेतला. आम्ही लहान उद्योगांचे हिशेब लिहिणारी माणसे आहोत, कोणत्याही कंपनीचे सॉफ्टवेअर विकत नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

प्रथम ही भानगड काय आहे ते पाहू. १ जुलै २०१७ रोजी जी.एस.टी. आला. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२० पासून ज्यांची वार्षिक उलाढाल ५०० कोटींच्या वर आहे अशा मोठ्या कंपन्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचे झाले. तेव्हा आपल्यापैकी कोणालाच त्याची फिकीर नव्हती. पण ही मर्यादा पायरीपायरीने खाली उतरत गेली. १ जानेवारी २०२१ ला १०० कोटी, त्याच वर्षी १ एप्रिलला ५० कोटी, १ एप्रिल २०२२ ला २० कोटी, १ ऑक्टोबर २०२२ ला १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. पाचशेवरून पाचवर यायला तीन वर्षेसुद्धा लागली नाहीत. म्हणजे पाणी आपल्या उंबऱ्याला लागले आहे.

कुणी म्हणेल, “५ कोटी? आम्ही कुठले कोट्यधीश!” इथेच गफलत होते. ५ कोटी हा नफा नव्हे, उलाढाल आहे. एखादा ठेकेदार कारखान्यांना १७० कामगार पुरवतो आणि दर कामगारामागे महिन्याला २५,००० रुपयांचे बिल लावतो असे धरा. महिन्याचे झाले ४२ लाख ५० हजार, वर्षाचे ५ कोटी १० लाख. यातला बहुतेक पैसा कामगारांच्या पगारात, फंडात आणि विम्यात जातो. ठेकेदाराच्या हाती काय उरते ते त्याच्या घरच्यांना विचारा! पण कायद्याच्या दृष्टीने तो ५ कोटींच्या वरचा व्यापारी झाला. केंद्र सरकारच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून ४ टक्के खरेदी करण्याची तरतूद आहे. तिचा लाभ घेऊन एखादी चांगली ऑर्डर मिळाली, की उलाढालीचा आकडा एका वर्षात उडी मारतो.

हा आकडा एका दुकानाचा किंवा एका जी.एस.टी. क्रमांकाचा धरत नाहीत. एकाच पॅनवर पुण्यात एक नोंदणी आणि गुजरातेत दुसरी असेल, तर दोन्हींची बेरीज धरतात. करमाफ मालाची विक्रीही त्यात येते. आणि २०१७-१८ पासून कोणत्याही एका वर्षात ५ कोटींची रेघ ओलांडली असेल, तर नंतर धंदा कमी झाला तरी सुटका नाही. समजा २०२५-२६ या वर्षात प्रथमच ५ कोटी १० लाख झाले, तर १ एप्रिल २०२६ च्या पहिल्या बिलापासून नियम लागू. मधे सवलतीचे दिवस नाहीत. बँका, विमा कंपन्या, मालवाहतुकीच्या एजन्सी, प्रवासी वाहतूकवाले अशा काहींना यातून वगळलेले आहे. ज्यांचे ट्रक आहेत त्यांनी आपण त्यात बसतो की नाही हे आपल्या कर-सल्लागाराला विचारून घ्यावे. पण बँकेला वगळले म्हणून बँकेत साफसफाईचा ठेका असलेला आपला माणूस सुटला, असे मात्र नाही. बिल तो करतो, बँक नव्हे.

आता या बिलात वेगळे काय, तर लोकांची समजूत अशी की सरकारच्या वेबसाइटवर जाऊन बिल तयार करायचे. तसे नाही. बिल आपणच करायचे, आपल्या पद्धतीने, आपल्या नावाच्या कागदावर. फक्त त्यातली माहिती ठरवून दिलेल्या साच्यात बसवून सरकारमान्य नोंदणी-पोर्टलकडे पाठवायची. ते पोर्टल तपासते, की दोन्ही पक्षांचे जी.एस.टी. क्रमांक खरे आहेत का, हाच बिल क्रमांक या वर्षी आधी येऊन गेला आहे का. सर्व ठीक असेल तर ते ६४ अक्षर-अंकांचा एक नोंदणी क्रमांक देते, त्याला आय.आर.एन. म्हणतात, आणि सोबत सही केलेला क्यू.आर. कोड देते. तो चौकोनी ठसा आपल्या बिलावर छापून ग्राहकाला द्यायचा. पूर्वी सरकारी कचेरीत कागदावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेत असू, तसाच हा प्रकार. अर्ज आपला, शिक्का त्यांचा.

शिक्का नसला तर काय बिघडते? नियमात स्पष्टच म्हटले आहे, की ज्याला ई-इनव्हॉइस लागू आहे त्याने आय.आर.एन. शिवाय दिलेले बिल हे बिलच धरले जाणार नाही. समजा आपण एका मोठ्या कारखान्याला १० लाखांचा माल दिला. १८ टक्क्यांनी कर झाला १ लाख ८० हजार. हा कर आपण सरकारात भरतो आणि कारखाना त्याची वजावट घेतो. पण बिलच बिल नसेल तर त्याची वजावट धोक्यात येते. मग त्यांच्या अकाउंट खात्यातला माणूस गोड आवाजात म्हणतो, “साहेब, बिल बदलून आणा, मग पेमेंट बघू.” इकडे आपण मात्र पैसे मिळोत न मिळोत, त्या महिन्याचा कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा आहे. ५ कोटींच्या वर गेल्यावर तीन महिन्यांनी विवरण भरण्याची सवलतही जाते, दर महिन्याला भरावे लागते. म्हणजे माल गेला, कर गेला आणि पैसा अडकला. शनिवारी कामगारांचा पगार कुठून करणार? दंड कायद्यात आहेच, पण आमच्या अनुभवाने लहान उद्योग दंडाने मरत नाही, अडकलेल्या पेमेंटने मरतो.

म्हणून सेवा निवडायची ती याच हिशेबाने. बिल वेळेवर शिक्का घेऊन बाहेर पडले पाहिजे आणि ते बाहेर पाडण्याची किल्ली आपल्या घरात असली पाहिजे. बाकीच्या गोष्टी नंतर.

बाजारात कोणकोणते मार्ग आहेत ते थोडक्यात सांगतो. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे फुकटचा. राष्ट्रीय सूचना केंद्राच्या, म्हणजे एन.आय.सी.च्या पोर्टलवर एक्सेलचे तक्ते मिळतात. त्यात माहिती भरून एकदम अनेक बिले चढवता येतात. १० कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी त्यांनी ‘गेप’ नावाचे साधे साधनही ठेवले आहे. दुसरा मार्ग म्हणजे आपण ज्या सॉफ्टवेअरमध्ये हिशेब लिहितो त्यातूनच थेट आय.आर.एन. घेणे. टॅली, बिझी, झोहो यांसारख्यांत ही सोय आहे. तिसरा मार्ग म्हणजे फक्त याच कामासाठी वेगळी सेवा घेणे. ती आपल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला जोडतात. आणि नोंदणी करणारे पोर्टल आता एकच राहिलेले नाही. २०२३ पासून एन.आय.सी. खेरीज क्लिअर, सिग्नेट, ई.वाय. आणि आयरिस या खासगी कंपन्यांनाही सरकारने मान्यता दिली. कुठेही नोंदवा, आय.आर.एन. तोच आणि तेवढ्याच मोलाचा. “आमच्याकडून घेतला तर जास्त पक्का” असे कोणी एजंट सांगू लागला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

यातला कोणता घ्यावा? महिन्याला बिले किती, ते आधी मोजा. कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराची महिन्याला वीस बिले, तीही एक-दोन तारखेलाच. त्याने वेगळ्या महागड्या सेवेवर पैसे का घालवावेत? एक्सेलचा तक्ता किंवा ते साधे साधन त्याला पुरते. उलट सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यातून दिवसाला पंधरा गाड्या निघतात, प्रत्येकीबरोबर बिल हवे आणि ५०,००० च्या वर माल असेल तर बहुधा ई-वे बिलही हवे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. त्याने हाताने भरत बसणे म्हणजे एक माणूस त्यातच गुंतवणे. त्याने हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधूनच बिल, आय.आर.एन. आणि ई-वे बिल एका दमात निघेल अशी सोय बघावी. तीच माहिती दोन ठिकाणी टाइप करावी लागली, की एका ठिकाणी चूक होणारच. आकड्यांचा स्वभावच तसा आहे.

आता चुकीचे बोलू, कारण सेवेची खरी परीक्षा तिथेच होते. विकणारा माणूस आपल्याला बरोबर निघणारे बिल दाखवतो. आपण त्याला म्हणावे, “आता चुकलेले बिल कसे सुधारता ते दाखवा.” नियम असा की नोंदवलेले बिल पोर्टलवर दुरुस्त करता येत नाही. रद्द करता येते, तेही पूर्णच आणि २४ तासांच्या आत. त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावे लागते. रद्द झालेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. २४ तास उलटले की क्रेडिट नोट काढायची, आणि त्या क्रेडिट नोटलाही आय.आर.एन. घ्यायचा. हे सर्व आपल्या समोर, आपल्याच माणसाला करायला लावून बघावे. बटण सापडायला त्यालाच दहा मिनिटे लागत असतील तर आपल्या घरच्या माणसाला किती लागतील?

दुसरी गोष्ट, पोर्टलने बिल नाकारले तर पडद्यावर काय दिसते? काही ठिकाणी नुसता आकडा येतो, २१५०. याचा अर्थ हा बिल क्रमांक आधीच नोंदला गेला आहे. जाणकाराला कळेल, पण गाडी गेटवर उभी असताना रात्री आठ वाजता ऑफिसात बसलेल्या मुलीला काय कळणार? चांगली सेवा पाठवण्याआधीच सांगते की ग्राहकाचा पिनकोड आणि राज्य जुळत नाही, किंवा मालाचा एच.एस.एन. कोड अपुरा आहे. हा कोड ५ कोटींपर्यंत ४ आकडी चालतो, त्याच्या वर ६ आकडी लागतो. म्हणजे रेघ ओलांडली त्या दिवशी आपल्या मालाची सगळी यादी सुधारावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कराचे दर बदलले तेव्हाही हेच झाले. बहुतेक मालाचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, पण अनेकांच्या यादीत जुनेच दर साठवलेले होते. असे बदल सेवा स्वतः करते, कळवते, की आपल्यावर सोडते, हे विचारून घ्यावे.

बिल क्रमांकाचेही एक सांगतो. क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्यात अक्षरे, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढेच चालते, आणि सुरुवात शून्याने किंवा रेघेने चालत नाही. आपल्याकडे काहींना शून्य-शून्य-एकपासून वही सुरू करण्याची हौस असते. ती सोडावी लागेल.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या ओळखीच्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात घडले ते सांगतो. नावे सांगत नाही, कारण कारखानदारही आपलेच आणि मुलगाही आपलाच. सेवा घेतली ती चांगली होती, महागही नव्हती. ती चालू करून दिली बाहेरून येणाऱ्या एका मुलाने. त्याने सोयीसाठी सगळीकडे आपलाच मोबाइल नंबर आणि आपलाच ई-मेल घातला. पासवर्डही त्याच्याच डोक्यात. कारखानदाराला वाटायचे, पोरगा हुशार आहे, आपल्याला डोके लावायला नको. पुढे मुलाला हैदराबादला नोकरी लागली. चांगलेच झाले, कोणी त्याला दोष देणार नाही. १ एप्रिल २०२५ पासून ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर शिरताना सर्वांनाच पासवर्डबरोबर ओ.टी.पी. लागतो. तो ओ.टी.पी. आता हैदराबादला जाऊ लागला. मुलगा दिवसा कामावर, फोन लॉकरमध्ये. इकडे तीन दिवस एकही बिल निघाले नाही. तयार माल शेडमध्ये, गाडीचे भाडे चढते आहे आणि समोरच्या कंपनीचा खरेदी अधिकारी दर तासाला फोन करतो आहे. शेवटी जी.एस.टी. नोंदणीतला मोबाइल नंबर बदलून घेतला, सेवेच्या कंपनीला पत्र दिले, नव्याने प्रवेश मिळवला, तेव्हा चाक फिरले. ऑर्डर वाचली. पण कारखानदाराच्या पत्नी, ज्यांना आम्ही वहिनी म्हणतो, त्या आम्हाला म्हणाल्या, “भाऊ, कारखान्याच्या कुलपाची किल्ली आम्ही रोज रात्री उशाशी ठेवतो, आणि ही किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती हे आम्हाला माहीतही नव्हतं.”

वहिनींनी आमच्या व्याख्यानाचे निम्मे काम केले. आज त्या कारखान्यात व्यवस्था अशी आहे. मुख्य प्रवेश मालकाच्या नावे, मोबाइल नंबर मालकाचा. त्याखाली दोन उपवापरकर्ते केले, एक थोरल्या सूनबाई आणि एक ऑफिसातला मदतनीस. पोर्टलवर अशी सोय आहे. प्रत्येकाचा मोबाइल वेगळा नोंदवता येतो, प्रत्येकाचा ओ.टी.पी. त्याच्याकडे जातो आणि कोणी काय करावे हे ठरवून देता येते. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचा प्रवेश त्याच संध्याकाळी बंद करायचा. गेलेल्या माणसावर अविश्वास म्हणून नव्हे, तर त्याच्यावर उद्या नसता आळ येऊ नये म्हणूनसुद्धा. खासगी सेवा घेताना हेच विचारावे, की किती जणांना वेगवेगळा प्रवेश देता, त्याचे जादा पैसे किती, आणि खाते कोणाच्या नावे उघडणार? “आम्ही आमच्या खात्यातूनच तुमचे करून देतो” म्हणणाऱ्याकडे आम्ही तरी जाणार नाही.

आणि ओ.टी.पी. फोनवर कोणालाही सांगू नये, मग तो “कंपनीतून बोलतोय” म्हणो की “जी.एस.टी. ऑफिसातून”. आपल्या नावाने दुसऱ्याने बिले फाडली तर निस्तरायचे आपल्याला.

याच किल्लीचा दुसरा दात म्हणजे आपली माहिती. बिलात काय असते? कोणता ग्राहक, कोणता माल, कोणत्या दराने, किती उधारीवर. हीच तर धंद्याची जन्मपत्रिका! आजोबांच्या काळात ती लाल कापडाच्या चोपडीत असे आणि चोपडी कपाटात. आता ती दुसऱ्याच्या संगणकावर असते. कायद्याप्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे जपायचे आहेत. सरकारी नोंदणी-पोर्टल हे काही आपले कपाट नव्हे. तेव्हा सेवा देणाऱ्याला पहिल्याच दिवशी विचारावे, “पुढच्या वर्षी आम्हाला तुमच्याकडे राहायचे नसेल, तर आमची सगळी बिले आय.आर.एन. आणि क्यू.आर. कोडसकट कशी देणार? एक्सेलमध्ये? पी.डी.एफ.मध्ये? वर्गणी संपल्यावर किती दिवस उघडे ठेवणार?” येताना सगळेच हार घालतात, जाताना दार कसे उघडतात ते बघायचे असते. आमचा परिपाठ असा आहे, की दर महिन्याच्या पाच तारखेला मागच्या महिन्याची सगळी बिले उतरवून घ्यायची, एक प्रत ऑफिसच्या संगणकावर आणि एक घरी पेन ड्राइव्हवर. याला पंधरा मिनिटे लागतात. दिवाळीत वह्या पूजणाऱ्यांनी महिन्याची पंधरा मिनिटेही काढावीत.

पैशाचे काय? आम्ही मुद्दामच कोणाचा दर सांगत नाही, कारण दर बदलतात आणि ही स्मरणिका तुमच्या कपाटात पुढची दहा वर्षे राहील. पण दर सांगण्याच्या तऱ्हा ओळखाव्यात. कोणी वर्षाची वर्गणी घेतो, कोणी बिलागणिक पैसे घेतो, कोणी दर वापरकर्त्यामागे तर कोणी दर जी.एस.टी. क्रमांकामागे. पहिल्या वर्षी सवलत आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट, हाही प्रकार आहे. म्हणून पहिल्या वर्षाचा नव्हे, तिसऱ्या वर्षाचा आकडा कागदावर लिहून मागावा. बिलागणिक दर असेल तर रद्द झालेल्या बिलाचे आणि क्रेडिट नोटचे पैसे लागतात का, हेही विचारावे. शिकवण्याचे पैसे वेगळे का? मार्चअखेर रात्री फोन उचलता का? मराठीत किंवा निदान हिंदीत बोलणारा माणूस आहे का? यासाठी सोपी युक्ती सांगतो. सेवा घेण्याआधी ३१ तारखेला संध्याकाळी त्यांच्या मदत क्रमांकावर एक फोन करून बघा. किती वेळ गाणे वाजते ते मोजा.

वेळेचेही सांगायला हवे. १० कोटी आणि त्याहून जास्त उलाढाल असणाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पोर्टलवर नोंद करावी लागते, एकतिसाव्या दिवशी पोर्टल घेतच नाही. ५ ते १० कोटींच्या मधल्या लोकांना ही मुदत लागू झालेली नाही, पण उलाढालीची मर्यादा कशी खाली उतरत आली ते आपण आत्ताच पाहिले. आम्ही आमच्याकडच्या सर्वांना सांगतो, की माल गेटबाहेर जाण्यापूर्वी आय.आर.एन. घ्या. मुदतीचा प्रश्नच उरत नाही.

हे सर्व केल्याचा फायदाही आहे बरे का. नोंदलेली बिले आपल्या मासिक विक्रीच्या विवरणात, म्हणजे जी.एस.टी.आर.-१ मध्ये आपोआप येतात आणि तिथून ग्राहकाच्या तक्त्यात दिसतात. “तुमचे बिल आमच्याकडे दिसत नाही” ही जी पेमेंट लांबवण्याची जुनी सबब आहे, ती निघून जाते. फक्त आपल्या वहीतली बेरीज आणि विवरणातली बेरीज ११ तारखेच्या आधी ताडून पाहायची. आपोआप आले म्हणून बरोबरच आले असे धरू नये.

व्याख्यानानंतर श्रोत्यांनी जे विचारले त्यातले दोन प्रश्न संपादकांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.

एका तरुण मित्राने विचारले, की माझी उलाढाल अजून दीड कोटीही नाही, मी आत्ताच पैसे घालून सेवा घ्यावी का? आमचे उत्तर, मुळीच नाही. दीड कोटींपर्यंतच्या नोंदणीकृत व्यापाऱ्यांसाठी जी.एस.टी.च्या पोर्टलवर हिशेबाचे आणि बिलाचे सॉफ्टवेअर फुकट देण्याची योजना आहे, ते बघावे. आणि पैसे न घालता होणारी तयारी आजच करावी. प्रत्येक ग्राहकाचा जी.एस.टी. क्रमांक, पूर्ण पत्ता, पिनकोड तपासून ठेवणे, मालाचे कोड नीट लिहिणे, बिल क्रमांकांची एकच सरळ मालिका ठेवणे. ज्याची वही स्वच्छ आहे त्याला सेवा बदलायला एक दिवस पुरतो. ज्याची नाही, त्याला कितीही महागाची सेवा घेतली तरी मार्च महिना जड जाणार.

एका ताईंनी विचारले, “मी बारावीपर्यंत शिकले, इंग्रजी बेताचंच. आमच्या घरचे म्हणतात हे तुला जमायचं नाही. खरंच जमणार नाही का?” सभागृह शांत झाले होते. ताई, ज्यांना घरातली उधारी, भिशी आणि किराणा एका वहीत बरोबर ठेवता येतो त्यांना हे जमते. त्यात इंग्रजीचे शब्द पंचवीस-तीसच आहेत, तेच रोज येतात. ते मराठीत अर्थासह एका पुठ्ठ्यावर लिहून संगणकाशेजारी टांगा. पहिले पंधरा दिवस मदतनीसाला शेजारी बसवून माऊस मात्र तुम्ही धरा. आणि तुमच्या नावाचा वेगळा प्रवेश आणि तुमचाच मोबाइल नंबर घालून घ्या. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही याच सभागृहात संगणक घेऊन बसणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी आपले मागच्या महिन्यातले एक बिल, एक क्रेडिट नोट असल्यास ती आणि जी.एस.टी. नोंदणीच्या दाखल्याची प्रत आणावी. नोंदणीत कोणाचा मोबाइल नंबर आहे, हे आपण सर्वांत आधी पाहू.